रूपक नव्हे, अन्योक्ती

एका वाचकाने विचारलं आहे : ‘एक्स-मेन’ आणि ‘ब्लॅक पँथर’ हे दोन्ही चित्रपट अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीचं ‘रूपक’ आहेत असं मराठी परीक्षणांत सारखं वाचायला मिळतं. अ‍ॅलेगरीला, म्हणजे एकाबद्दल बोलून दुसरंच सुचवण्याला, रूपक म्हणणं बरोबर आहे, की रूपककथा म्हणावं? आणि रिप्रेझेंटेशनला प्रतिनिधित्व चालेल का?

रूपक बरोबर नाही. हा घोळ ऐकून ऐकून मी कावलो आहे. कशातही दुसरं काही सुचवलेलं दिसलं की त्याला रूपक म्हणायचं आणि पुढच्या परिच्छेदात त्याचंच ‘प्रतीक’ करून टाकायचं! रूपक हा अलंकार आहे. त्यात उपमेय आणि उपमान एकरूप होतात, पण दोन्ही वाक्यात हजर असतात. ‘मुखचंद्र’ म्हटलं की मुखही आहे, चंद्रही आहे. मुखाचं नावच काढलं नाही आणि नुसतं चंद्राबद्दल बोलून ऐकणाऱ्याला मुख ओळखायला लावलं, तर ते रूपक उरत नाही. संस्कृत साहित्यशास्त्रात त्याला अप्रस्तुतप्रशंसा म्हणतात आणि आपल्या शाळेच्या व्याकरणात अन्योक्ती.

आता गंमत बघा. अन्योक्ती म्हणजे अन्य अधिक उक्ती. अ‍ॅलेगरीचा उगम ग्रीक ‘आलेगोरिया’त आहे : ‘आलोस’ म्हणजे अन्य, ‘आगोरेव्हेइन’ म्हणजे बोलणं. सांध्याला सांधा जुळतो! दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच शब्द घडवला आणि आपण तो कपाटात ठेवून ‘रूपक’ वापरत बसलो आहोत. ‘अन्य’ आणि ‘आलोस’ हे मुळात सख्खे की नाहीत यावर भाषाशास्त्रज्ञांत वाद आहे. न आणि ल जुळत नाहीत, म्हणून ते सख्खे नाहीत, असं कारण दिलं जातं. मला ते पुरेसं वाटत नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते ‘आगोरेव्हेइन’ साधं बोलणं नव्हे. ‘आगोरा’ म्हणजे गावाचा चौक, जिथे सभा भरायची आणि बाजारही. तेव्हा आलेगोरिया म्हणजे चौकात उभं राहून दुसरंच काही बोलणं. माझं मत असं, आणि मी ते सोडणार नाही, की हा शब्दच जिथे सरळ बोलता येत नाही तिथला आहे. जगन्नाथ पंडिताने ‘भामिनीविलासा’चा पहिला विलास अन्योक्तींचा केला, सिंह, हत्ती, हंस, कोकिळ यांना उद्देशून. तो शाहजहानच्या दरबारात वावरलेला माणूस. दरबारात सिंहाशी बोलणं सोपं, सिंहासनाशी बोलणं अवघड. आपल्या बायकांनी हे सगळं तीन-चार शब्दांत सांगून ठेवलंय : लेकी बोले सुने लागे.

अमेरिकेतलं याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण मात्र सुपरहिरोंचं नाही. १९५३ साली ईसी कॉमिक्सने ‘जजमेंट डे’ ही चित्रकथा छापली. एका ग्रहावर नारिंगी आणि निळे यंत्रमानव राहतात. आतून सगळे सारखे, फक्त वरचं कवच वेगळ्या रंगाचं, आणि निळ्यांना दुय्यम वागणूक. पृथ्वीवरून पाहणीला आलेला अंतराळवीर ‘तुम्ही अजून आमच्या प्रजासत्ताकात यायला लायक नाही’ असं सांगून निघतो. शेवटच्या चौकटीत तो शिरस्त्राण काढतो, आणि तो कृष्णवर्णीय असतो. पुढे चित्रकथांत काय छापावं यावर बंधनं घालणारी कॉमिक्स संहिता लागू झाली. कथा पुन्हा छापायला घेतली तेव्हा संहितेच्या प्रमुखाने हरकत घेतली, ती त्या शेवटच्या चेहऱ्यावर. नारिंगी-निळं चालत होतं, काळा माणूस चालत नव्हता. अन्योक्ती मंजूर आणि उक्ती नामंजूर! प्रकाशक विल्यम गेन्स हटला नाही आणि कथा जशीच्या तशी छापली गेली.

‘एक्स-मेन’ची मूळ चित्रकथा आली १९६३ मध्ये, स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांची. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नागरी हक्क चळवळीचा वॉशिंग्टनचा मोर्चा निघाला. उत्परिवर्तित, म्हणजे जन्मतःच विलक्षण शक्ती असलेल्या, माणसांचा लोक द्वेष करतात ही कथेची कल्पना, पण पहिले पाचही विद्यार्थी गोरे. प्रस्तुत विषय, म्हणजे ज्याच्याबद्दल खरं बोलायचं आहे तो, पूर्ण गैरहजर, म्हणजे शुद्ध अन्योक्ती. इथे मला व्याकरणाच्या पुस्तकातली ती कोकिळाची अन्योक्ती आठवते : ‘रंगावरून तुजला गणतील काक’. पाठ सगळ्यांना आहे, विचार कुणी केला? दुःख कोकिळाचं आहे, त्याला कावळा समजतील याचं. कावळ्याचं काय? त्याच्या वाट्याला फक्त ‘काक’ हे दूषण. एक्स-मेनमध्ये नेमकं हेच घडतं. सुंदर, सामर्थ्यवान माणसांना जग काळ्यांसारखं वागवतं याची कळकळ आहे. खऱ्या काळ्या माणसाची गोष्ट त्यात नाही. २०११ च्या ‘एक्स-मेन : फर्स्ट क्लास’ या चित्रपटात खलनायक गुलामीचा उल्लेख करतो तेव्हा कॅमेरा डार्विनकडे, उत्परिवर्तितांच्या तुकडीतल्या कृष्णवर्णीय तरुणाकडे, वळतो. आणि त्या तुकडीतला पहिला मरणाराही तोच. प्रस्तुताला घरात घेतलं, पण बोलू दिलं नाही.

‘ब्लॅक पँथर’ला मात्र यातलं काहीच लागू नाही. ती अन्योक्ती नाही आणि रूपक तर नाहीच. २०१८ च्या चित्रपटाची सुरुवातीची घटना ओकलंडमध्ये १९९२ साली घडते. त्यातला खलनायक किलमाँगर मरताना गुलामांच्या जहाजांवरून समुद्रात उड्या टाकणाऱ्या पूर्वजांचं नाव घेतो. त्यातला वकांडा हा देश कल्पित आहे, पण जखम कल्पित नाही आणि तिचं नावही झाकलेलं नाही. कावळा स्वतःच्या तोंडाने बोलतोय. ब्लॅक पँथर हे पात्र कॉमिकच्या १९६६ च्या जुलै अंकात आलं, ब्लॅक पँथर पार्टी ही काळ्यांची राजकीय संघटना ऑक्टोबरमध्ये स्थापन झाली. पार्टीचं नाव कॉमिकवरून आलं हा समज चुकीचा आहे, ते अलाबामातल्या लाउंड्स काउंटीतल्या काळ्या मतदारांच्या पक्षाच्या चिन्हावरून आलं. त्या पार्टीवरूनच १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नामदेव ढसाळांच्या कवितेला कोकिळाची गरज पडली नाही. दलित साहित्याने अन्योक्ती नाकारली असं मी म्हणतो ते याच अर्थाने.

राहिली रूपककथा. खांडेकरांनी हा शब्द मराठीत रुजवला, आणि दव, फुलं, नदी यांच्यावरून जीवनाबद्दल काही सांगणाऱ्या छोट्या कथेला तो शोभतो. पण कोशकार तोच शब्द उचलून प्रत्येक अ‍ॅलेगरीला चिकटवतात. त्यात ‘रूपक’ असल्यामुळे मूळ गोंधळ कायम राहतो आणि ‘कथा’ असल्यामुळे चित्र, गाणं, भाषण सगळं बाहेर पडतं. कोशात छापलंय म्हणून मी ते मानणार नाही.

प्रतिनिधित्व हा निवडून दिलेल्या माणसाचा शब्द आहे. पडद्यावर कृष्णवर्णीयांचा ‘वावर’ म्हणा.