घाटावरचा व्हिडिओ जिथे अडकला

पत्र :

ताई, मी ४२ वर्षांची, मूळची मिरजेची, गेली चौदा वर्षं न्यू जर्सीत. मला अगं-तुगं केलंत तरी चालेल. मे २०२१ मध्ये बाबा कोविडने गेले. माझा एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. तेव्हा निघाले असते तर परत येता आलं नसतं, आणि मुलगी सहा वर्षांची. नाही गेले. दहावा व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिला. कृष्णाघाटावर चुलतभावाने पिंड ठेवला, कावळा येईना, आणि तेवढ्यात व्हिडिओ अडकला. त्या दिवसापासून आजपर्यंत मी रडलेली नाही. ऑफिस होतं, डबे होतात, हसतेही, पण सगळं काचेपलीकडे चाललंय असं वाटतं. बाबांचे शेवटचे ११ व्हॉइस मेसेज फोनमध्ये आहेत, अजून उघडलेले नाहीत. माझ्या मैत्रिणीने केटामाइन थेरपी घेतली, म्हणजे भुलेचं औषध देऊन मनावर उपचार. ‘सहा सेशनमध्ये दहा वर्षांचं ओझं उतरलं,’ म्हणते. ती ज्या कंपनीकडून घेते, तिच्या गोळ्या घरपोच येतात, जिभेखाली ठेवायच्या, व्हिडिओवर गाइड असतो. दुसरा पर्याय क्लिनिकमध्ये सलाइनमधून, सहा वेळचे ४,००० डॉलर. नवरा म्हणतो हा नशाच आहे, ‘फ्रेंड्स’ मालिकेतल्या मॅथ्यू पेरीचं काय झालं बघ. मला वाटतं मी मोकळी होईन, माणूस म्हणून थोडी वाढेनही. डिसेंबरात मिरजेला जातेय, आईला यातलं काही सांगितलेलं नाही. बीपीची गोळी चालू आहे, अधूनमधून राहते. घेऊ का?
— अ.

उत्तर :

प्रिय अ.,

तू जे जाता जाता लिहिलंस, तेच मी आधी धरते. बीपीची गोळी ‘अधूनमधून राहते’. केटामाइनने रक्तदाब चढतो. बहुतेकांचा थोडा वेळ चढतो आणि उतरतो, पण म्हणूनच चांगल्या ठिकाणी आधी बीपी मोजतात, मध्ये मोजतात, सोडताना मोजतात, आणि आधीच जास्त असेल तर त्या दिवशी औषध देत नाहीत. तुझ्या घरात हे कोण करणार? व्हिडिओवरचा गाइड स्क्रीनमधून हात बाहेर काढून तुझ्या दंडाला पट्टा बांधणार नाही. अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने, एफडीएने, ऑक्टोबर २०२३ मध्ये नेमक्या अशाच, मानसिक त्रासासाठी वेगळ्या बनवून दिलेल्या केटामाइनबद्दल जाहीर इशारा दिला होता : घरी कुणी लक्ष ठेवायला नसताना गुंगी, मंदावलेला श्वास, वाढलेला रक्तदाब यांचा धोका आहे. घरपोच गोळ्यांचा विषय माझ्यापुरता इथेच संपला.

आणि चुकूनही त्या गोळ्या बॅगेत टाकून डिसेंबरात मुंबईला उतरू नकोस. भारतात केटामाइन २०११ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे. कस्टमवाल्याला ‘इमोशनल हीलिंग’ समजावत बसायची वेळ कुणावर येऊ नये.

आता तुझ्या नवऱ्याकडे येते. त्याचं अर्धं बरोबर आहे. बाकीच्या अर्ध्यासाठी मी माझ्या घरचा साक्षीदार काढते. आमचे हे भूलतज्ज्ञ होते, तालुक्याच्या गावी. त्यांच्या टेबलावर केटामाइनची कुपी कायम असायची. भाजलेल्या बायकांचं ड्रेसिंग, लहान मुलांची मोडलेली हाडं, रात्री दोनला वीज गेलेली असताना आलेला अपघात. हे औषध श्वास सहसा बंद पाडत नाही, रक्तदाब पाडत नाही, मोठं यंत्र मागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते कित्येक वर्षं आहे, ते उगाच नाही. घरी आल्यावर हे सांगायचे, शुद्धीवर येताना माणसं काय काय बोलतात. एक शेतकरी म्हणाला होता, ‘डॉक्टर, मी वर छताला होतो आणि खाली माझंच अंग पडलेलं बघत होतो.’ तेव्हा आम्ही हसलो होतो. आज त्याच अनुभवाचे लोक हजारो डॉलर मोजतात.

हे औषध १९६२ मध्ये केल्विन स्टीव्हन्स यांनी पार्क-डेव्हिस कंपनीत बनवलं. १९६४ मध्ये एडवर्ड डॉमिनो यांनी ते मिशिगनच्या तुरुंगातल्या कैद्यांना देऊन पाहिलं (आज असं करू धजणार नाहीत). माणूस जागा वाटतो पण जगापासून सुटलेला, त्या अवस्थेला ‘डिसोसिएटिव्ह’ हे नाव डॉमिनोंच्या पत्नीने सुचवलं. डॉक्टरांच्या बायका नावं ठेवण्यात तरबेज असतात, हा घरचा अनुभव.

मनाच्या आजारासाठी ते वापरात आलं फार नंतर. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात २००० साली नैराश्याच्या अवघ्या सात रुग्णांवर एक छोटी चाचणी झाली. सहा वर्षांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत आणखी एक झाली. तिथले रुग्ण असे होते की बाकी औषधांना आजाराने दाद दिली नव्हती. सलाइनमधून दिलेल्या एका डोसानंतर एका दिवसात ७१ टक्के लोकांना ठळक फरक पडला. ज्या दुनियेत गोळीचा गुण यायला महिना थांबावं लागतं, तिथे हे जवळजवळ अविश्वसनीय. पण तोच आकडा पुढे वाच : आठवडा संपेपर्यंत फरक टिकलेले उरले ३५ टक्के. तुझ्या मैत्रिणीच्या कंपनीची जाहिरात पहिल्या आकड्यापाशी थांबत असेल. म्हणून तर ‘सहा सेशन’ असतात, आणि सहानंतर कित्येकांना पुन्हा पुन्हा जावं लागतं. २०१९ मध्ये एफडीएने केटामाइनचंच भावंड, एस्केटामाइनचा नाकातला स्प्रे, मंजूर केला तो साध्या औषधांनी न हटणाऱ्या नैराश्यासाठी. तोही घरी न्यायला मिळत नाही. दवाखान्यात घ्यायचा, निदान दोन तास बसायचं, आणि गाडी दुसऱ्या दिवसापर्यंत चालवायची नाही. खुद्द केटामाइनला मात्र कुठल्याही मानसिक आजारासाठी एफडीएची मंजुरी नाही. डॉक्टर ते आपल्या जबाबदारीवर देतात. ते बेकायदा नाही, पण विमा सहसा हात वर करतो, म्हणून तुझे ४,००० डॉलर.

मॅथ्यू पेरी डॉक्टरांच्या देखरेखीखाली केटामाइन घेत होता, हे खरं. पण ज्या डोसाने तो ऑक्टोबर २०२३ मध्ये गेला, तो दवाखान्यातला नव्हता. बाहेरून मिळवलेलं औषध, घरी टोचलेलं, एकाच दिवशी अनेकदा, आणि शेवटी गरम पाण्याचा टब. नवऱ्याला हेही सांग, आणि त्याची भीती उडवूनही लावू नकोस. या औषधाची चटक लागते. वर्षानुवर्षं नशेसाठी घेणाऱ्यांचं मूत्राशय आक्रसून जातं, दर अर्ध्या तासाला लघवीला धावणारी पंचविशीतली पोरं असतात. चटक लागण्यापूर्वी आणि नंतर, कुपी तीच असते.

थेरपीचं सांगायचं तर ‘केटामाइन-साहाय्यित मानसोपचार’ या लांबलचक नावातला जड शब्द शेवटचा आहे. नीट चालणाऱ्या ठिकाणी आधी थेरपिस्टबरोबर दोन-तीन बैठका होतात, मग डोसाचा दिवस, डोळ्यांवर पट्टी, कानात संगीत, शेजारी माणूस. आणि त्यानंतरच्या दिवसांत बोलणं, ज्याला ते ‘इंटिग्रेशन’ म्हणतात. कल्पना अशी की, औषधानंतर काही दिवस मेंदू जरा मऊ असतो. उंदरांच्या मेंदूत नव्या जोडण्या फुटताना पाहिल्याही आहेत. तेवढ्या काळात बोललेलं रुजतं. कल्पना मला पटते. पण नुसत्या औषधाच्या बाजूने जेवढा पुरावा आहे, तेवढा या जोडगोळीच्या बाजूने अजून जमलेला नाही. स्टॅनफर्डमध्ये २०२३ ला एक गमतीचा प्रयोग प्रसिद्ध झाला. नैराश्य असलेल्या, आणि कुठल्या ना कुठल्या ऑपरेशनसाठी आलेल्या ४० जणांना भुलेखाली असताना निम्म्यांना केटामाइन दिलं, निम्म्यांना साधं सलाइन. झोपेत असल्यामुळे कुणाला काय मिळालं ते कळायचा मार्ग नाही. दोन्ही गटांची उदासी सारखीच उतरली! आणि ज्यांना वाटलं की आपल्याला केटामाइन मिळालं, ते जास्त बरे झाले. म्हणजे औषध खोटं असं मी म्हणत नाही. पण आशा, कुणीतरी आपली दखल घेणं, याचा वाटा किती, हे अजून कुणाला नीट वेगळं काढता आलेलं नाही.

‘माणूस म्हणून वाढेन’ याबद्दल एकच वाक्य : सलाइन लावून वाढतं ते बिल.

आता मूळ मुद्दा. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात झोप उडाल्याचं नाही, भूक मेल्याचं नाही, कामातून उठल्याचं नाही. असेल, लिहायचं राहिलं असेल, म्हणून डॉक्टरांकडे जाऊन नैराश्याची तपासणी करूनच घे. जगू नये असं कधी वाटतं का, हेही मी सरळ विचारते. वाटत असेल तर हे उत्तर बाजूला ठेव आणि आत्ता ९८८ ला, अमेरिकेतल्या हेल्पलाइनला, फोन कर. मिरजेत असताना वाटलं तर १४४१६, टेलिमानस, तिथे मराठीत बोलतात. पण तू जे लिहिलंयस ते मला नैराश्यापेक्षा वेगळं दिसतंय. घाटावरचा व्हिडिओ जिथे अडकला, तिथेच तू अडकली आहेस. ४ मे २०२१ पासून नोव्हेंबरपर्यंत अमेरिकेने भारतातून येणाऱ्यांना दार लावलं, नागरिक, ग्रीन कार्डवाले आणि काही अपवाद वगळून. तू निवड केलीस असं तुला वाटतं. निवड कसली, एका बाजूला बाप आणि दुसऱ्या बाजूला पोर ठेवून तुला चिठ्ठी काढायला लावली. आणि मग दहावा नाही, खांदा नाही, आईच्या गळ्यात पडणं नाही. दुःखाला घरात यायला उंबराच मिळाला नाही.

याला आता वैद्यकात नाव आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत २०२२ मध्ये ‘प्रोलाँग्ड ग्रीफ’ हा आजार आला. आपण लांबलेला शोक म्हणू. वर्ष उलटलं तरी मृत्यू कालच झाल्यासारखा, किंवा झालाच नसल्यासारखा. आतून बधिर वाटणं, आठवणींना हात न लावणं, ही त्याची लक्षणं. तुझे न उघडलेले ११ मेसेज मला इथे दिसतात. निदान मी करत नाही, तो माझा अधिकार नाही. पण विचारायचं कुणाला ते सांगते. तुझ्यापासून नदीपलीकडे, न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, कॅथरीन शिअर यांनी नेमक्या या शोकासाठी एक उपचार बांधला आहे. साधारण १६ बैठका, नुसतं बोलणं. त्यात मृत्यूची हकिकत डोळे मिटून पुन्हा पुन्हा सांगायची असते, आणि गेलेल्या माणसाशी मनातल्या मनात संवाद करायचा असतो, त्याची उत्तरंही आपणच द्यायची. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत ३९५ माणसं होती. काहींना नैराश्याची गोळी, काहींना खोटी गोळी, आणि त्यातल्या निम्म्यांना हा उपचार. शोक हलवला तो बोलण्याने. शोक कमी करण्यात त्या गोळीची फारशी भर पडली नाही. उदासी सोबतीला असेल तर तिच्यासाठी, या उपचाराच्या जोडीने, गोळी उपयोगी पडली, एवढंच. ती गोळी केटामाइन नव्हती, हे खरं. पण तुझ्या जागी मी असते तर ४,००० डॉलर आधी या १६ बैठकांवर घातले असते.

आणि थेरपिस्ट मराठी शोध. जमत नसेल तर निदान असा शोध, जो तुला मध्येच मराठीत बोलू देईल आणि अर्थ विचारायची घाई करणार नाही. बाबांशी तू कधी इंग्रजीत भांडलीस का? ‘आय मिस माय फादर’ हे वाक्य तू शंभरदा म्हणू शकतेस, काही होणार नाही. ‘अहो बाबा, मी आले नाही हो,’ हे एकदा म्हणून बघ. केटामाइनखाली तुझ्या तोंडून काही आलंच असतं, तर ते मिरजेच्या भाषेत आलं असतं, आणि समोरचा भला माणूस मान हलवत राहिला असता.

हे सगळं करून, साधी औषधंही नीट घेऊन, वर्षभराने तू तिथेच असलीस, आणि डॉक्टर म्हणाले की हे न हटणारं नैराश्य आहे, तर केटामाइनचा विचार जरूर कर. तेव्हा माझा विरोध नसेल, उलट पाठिंबा असेल. तेव्हा क्लिनिकला विचार : डोस चालू असताना खोलीत कोण असतं, डॉक्टर इमारतीत असतात का, बीपी किती वेळा मोजता, घरात कुणाला सिझोफ्रेनिया किंवा बायपोलर आहे का हे तुम्ही मला का विचारलं नाही. आणि नंतरच्या बैठका पॅकेजमध्ये आहेत की नुसत्या माहितीपत्रकात. फॉर्म भरताक्षणी ज्यांनी हो म्हटलं, त्यांच्याकडे जाऊ नकोस.

आईला केटामाइनबद्दल काहीच सांगायची गरज नाही. बाबांबद्दल मात्र विचार. तीही चार वर्षं ‘अ. तिकडे एकटी आहे, तिला कशाला’ म्हणून गिळत बसली असेल. मेसेज तिच्या शेजारी बसून उघडलेस तर बरं. एकदम ११ नकोत. पहिला असेल ‘बेटा, जेवलीस का’ असाच काहीतरी. तयारीने जा.

तोवर बीपीची गोळी रोज, दात घासल्यावर, एकाच वेळेला. आणि एक फोन. त्या दिवशी पिंड ठेवणारा चुलतभाऊ घाटावर शेवटपर्यंत उभा होता. कावळा शिवला की नाही, किती वेळाने शिवला, कुणी काय कबूल केल्यावर शिवला, हे त्याला माहीत आहे. चार वर्षांत तू त्याला विचारलेलं नाहीस. तुझ्याकडे रात्रीचे दहा वाजले की मिरजेत तो सकाळचा चहा घेत असतो.

तुझी,
ताई