गोळी पोटात जाते, रक्तात जात नाही

प्रश्न : मी धायरीला राहते, नोकरी हिंजवडीत. सहावा महिना चालू आहे. हिमोग्लोबिन 8.6 आलंय. चौथ्या महिन्यापासून लोहाच्या गोळ्या घेतेय, तरी वाढत नाही. सकाळी कंपनीची बस गाठायची घाई, म्हणून चहा-बिस्किटांबरोबर लोह आणि कॅल्शियम एकदमच घेऊन टाकते. सासूबाई रोज बिटाचा रस देतात. माझ्या जाऊबाईंचंही रक्त कमी होतं, त्या आठव्यातच बाळंत झाल्या आणि बाळाला पेटीत ठेवावं लागलं. माझंही तसंच होईल का?

उत्तर : पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीय. चहातलं टॅनिन लोहाला बांधून ठेवतं आणि कॅल्शियम त्याच्या वाटेत आडवं येतं. त्यामुळे तुमची गोळी पोटात जाते, रक्तात फारशी जात नाही. लोहाची गोळी रात्री जेवणानंतर दोन तासांनी, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या. कॅल्शियम दुपारच्या डब्यासोबत. चहा सोडा असं मी पुण्यात कुणालाच सांगत नाही, कारण कुणी ऐकत नाही. फक्त गोळीच्या आगेमागे नको. शौचाला काळी होईल, त्याला घाबरू नका. मळमळलं तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांकडून बदलून घ्या.

बिटाचं म्हणाल, तर 100 ग्रॅम बिटात लोह 1 मिलिग्रॅमही नसतं. सरकारी लाल गोळीत ते 60 मिलिग्रॅम असतं. रंगावर जाऊ नका. सासूबाईंना दुखवू नका, रस प्या, पण रक्त वाढवायचं काम गोळीचं. त्यांना मटकीची उसळ करायला सांगा, वर लिंबू पिळून. अंडं, मटण चालत असेल तर उत्तमच.

आता जाऊबाई. तुमचं-त्यांचं रक्ताचं नातंसुद्धा नाही! 37 आठवड्यांच्या आत होणारी बाळंतपणं रक्त कमी असलेल्या बायकांमध्ये जास्त दिसतात, हे खरं. विशेषतः सुरुवातीपासूनच रक्त कमी असेल किंवा फारच कमी असेल तर. वारेकडे प्राणवायू कमी पोचला की शरीरावर ताण येतो, जंतुसंसर्गही लवकर होतो आणि कळा आधी सुरू होऊ शकतात. पण लघवीतला संसर्ग, जुळं, वाढलेलं बीपी, गर्भपिशवीचं तोंड आखूड असणं, अशी कारणं बरीच असतात. जाऊबाईंच्या बाबतीत नेमकं काय झालं ते त्यांची फाइल पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही.

गरोदरपणात 11 च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात आणि 7 ते 9.9 म्हणजे मध्यम. या काळात रक्तातला पातळ भाग तांबड्या पेशींपेक्षा जास्त वाढतो, म्हणून आकडा थोडा उतरतोच. पण 8.6 त्यात बसत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 52.2 टक्के गरोदर बायकांचं रक्त कमी निघालं, म्हणून ‘सगळ्यांचंच असतं’ हे ऐकून गप्प बसायचं नाही.

तुमच्या आकड्याला बहुधा दिवसाला दोन गोळ्या देतात. ते डॉक्टरांना विचारून ठरवा. महिन्याभराने पुन्हा तपासा. निदान 1 ग्रॅम वाढ दिसायला हवी. नाही दिसली तर बी-12 आणि थॅलेसेमियाची, म्हणजे आई-वडिलांकडून येणाऱ्या रक्तदोषाची, तपासणी करून घ्या. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे त्याचा सौम्य प्रकार, निघाला तर यजमानांचीही. दिवस भरत आले आणि आकडा हलत नसेल, तर शिरेतून लोह देता येतं. ते सलाइनमधून देतात. ते म्हणजे रक्त चढवणं नव्हे, माहेरी फोनाफोनी नको.

ओटीपोट थोड्या थोड्या वेळाने दगडासारखं घट्ट होऊन सुटू लागलं, कंबर सारखी भरून आली, अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, तर त्याच क्षणी निघा. ऑफिसात असाल तर ट्रॅफिकमधून धायरीच्या डॉक्टरांपर्यंत पोचायचा हट्ट धरू नका, बाळंतपणाची सोय असलेलं तिथलंच जवळचं हॉस्पिटल गाठा. फाइल मात्र रोज पर्समध्ये ठेवा.