वाचकांचे प्रश्न : चार्जिंग झालं की चार्जर आपोआप बंद कसा होईल?

प्रश्न (अमळनेर) : आमची ई-स्कूटर ६० व्होल्ट, २८ एएचची (अँपिअर-तास), ॲसिडवाल्या पाच बॅटऱ्यांची आहे. रात्री नऊला चार्जिंगला लावली की पहाटे केव्हातरी हिरवा दिवा लागतो, पण पिन सकाळीच काढली जाते. तोवर चार्जर गरम असतो. दीड वर्षात दोन बॅटऱ्या फुगल्या. चार्जिंग पूर्ण झाल्यावर आपोआप बंद होईल असं काही घरी करता येईल का?

उत्तर : करता येईल. आधी बॅटऱ्या का फुगल्या ते पाहू, कारण सर्किट कसं करायचं ते त्यावरच ठरतं.

हिरवा दिवा लागला म्हणजे चार्जर बंद झाला असं नाही. ७३.५ व्होल्टच्या आसपास नेऊन झालं की तो साधारण ६९ व्होल्टवर उतरतो आणि तिथेच रेटत राहतो. एका बॅटरीला हे १३.८ व्होल्ट झाले, आणि हा आकडा २५ अंश तापमानासाठी आहे. तापमान वाढेल तसे दर अंशाला, दर सेलला ३ ते ४ मिलिव्होल्ट कमी द्यावे लागतात. पाच बॅटऱ्यांचे सेल ३०, म्हणजे अंशामागे सुमारे ०.१ व्होल्ट. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत, सीटखाली ४० अंश असतील तर दीड व्होल्ट कमी हवेत. स्वस्त चार्जरला तापमान कळतच नाही. जास्तीच्या करंटने आत गॅस आणि उष्णता होते, उष्णतेने करंट आणखी वाढतो आणि सीलबंद बॅटरी फुगते.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ॲसिडची बॅटरी रोज अर्धवट चार्ज करून काढली तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि ती क्षमता परत मिळत नाही. म्हणून घड्याळाकडे बघून बंद करण्यापेक्षा करंट बघून बंद करावं. भरत आलेली बॅटरी करंट घेणं आपणहून कमी करते. २८ एएचला तो ०.५ अँपिअरच्या खाली आला की बॅटरी भरली असं धरायला हरकत नाही.

करंट मोजायचा डीसी बाजूला, म्हणजे चार्जर ते गाडी या वायरीत. तोडायचा मात्र एसी बाजूला, चार्जरच्या आधी. साध्या निळ्या रिलेवर (विजेने उघडझाप होणारा स्विच) नीट पाहा: १० अँपिअर, २५० व्होल्ट एसी, आणि शेजारीच १० अँपिअर, ३० व्होल्ट डीसी. ७० व्होल्ट डीसी त्याने तोडायला गेलं तर ठिणगी विझत नाही, कॉन्टॅक्ट वितळून चिकटतात. एसी बाजूला तोडलं की चार्जरही थंड राहतो.

सामान असं: अर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड), एसीएस७१२ करंट सेन्सर (५ अँपिअरचा घ्या, २० चा नको, लहान करंट त्यात नीट दिसत नाही), ५ व्होल्ट कॉइलचा ३० अँपिअर रिले, बीसी३३७ ट्रान्झिस्टर, ४७० ओहमचा रेझिस्टर, १एन४००७ डायोड, डीएस१८बी२० तापमान सेन्सर आणि त्याच्या डेटा वायरीपासून ५ व्होल्टला ४.७ किलोओहम, चांगल्या प्रतीचा ५ व्होल्ट १ अँपिअर अडॅप्टर, एक पुश बटन, एक बझर, आणि एसी बाजूला ५ अँपिअरचा फ्यूज. चार्जर ४.५ अँपिअरपेक्षा मोठा असेल तर हा सेन्सर चालणार नाही.

रिले ३० अँपिअरचाच घ्या, यावर आमचा जोर आहे. चार्जर चालू होताना त्यातले कपॅसिटर क्षणभर मोठा करंट ओढतात आणि १० अँपिअरचा रिले काही महिन्यांत चिकटतो. चिकटलेला रिले बाहेरून ओळखू येत नाही. बॅटरी रात्रभर चार्ज होत राहते आणि आपण निर्धास्त असतो. रिलेच्या ओळीत ५डी-११ एनटीसी (थंड असताना करंट अडवणारा, तापल्यावर वाट देणारा रेझिस्टर) टाकला तर तो धक्का बराच कमी होतो. एनटीसी चालताना चांगलाच तापतो, त्याला वायर टेकू देऊ नका.

या रिलेची कॉइल सुमारे १८५ मिलिअँपिअर घेते. नॅनोची पिन एवढं देऊ शकत नाही, बीसी५४७ सुद्धा नाही, म्हणून बीसी३३७. बेसला ४७० ओहम, कॉइलवर डायोड उलटा. डायोड विसरला तर रिले सुटताना नॅनो मध्येच रिसेट होतो. एसीएस७१२ चुंबकीय क्षेत्रावर चालतो, तेव्हा तो रिलेच्या कॉइलपासून निदान ५ सेंटिमीटर लांब बसवा.

बॅटरीचा व्होल्टेजही मोजायचा आहे. चार्जरच्या प्लसपासून १०० किलोओहम, तिथून मायनसला ५.६ किलोओहम, मधला बिंदू नॅनोच्या अनॅलॉग पिनला, त्यावर ५.१ व्होल्टचा झीनर (व्होल्टेज त्यावर जाऊ न देणारा डायोड). ७५ व्होल्टला पिनवर ४ व्होल्टच्या जवळ येतात. नॅनोचा ग्राउंड बॅटरीच्या मायनसला जोडला जातो, त्यामुळे चार्जिंग चालू असताना कॉम्प्युटरची यूएसबी वायर लावू नका.

प्रोग्रॅमचा क्रम: बटन दाबलं की रिले ओढण्याआधी (म्हणजे चालू करण्याआधी) करंटची पाचशे मोजमापं घेऊन सरासरी काढा आणि तेच शून्य धरा. एसीएस७१२ चं शून्य तापमानाने सरकतं. दर वेळी नव्याने घेतलं की ती अडचण राहत नाही. एक अँपिअरला १८५ मिलिव्होल्ट बदल होतो. मग रिले ओढा, पहिली पाच मिनिटं करंटकडे लक्ष देऊ नका. त्यानंतर व्होल्टेज ६८ च्या वर आणि करंट ०.५ च्या खाली, असं सलग १० मिनिटं राहिलं तर रिले सोडा. तुमचा चार्जर हिरवा झाल्यावर किती व्होल्ट देतो ते मल्टिमीटरने आधी मोजा आणि ६८ च्या जागी त्यापेक्षा अर्धा-एक व्होल्ट कमी आकडा ठेवा. रिले सोडल्यावर मिनिटभराने करंट शून्य दिसलाच पाहिजे. दिसला नाही तर रिले चिकटला आहे. बझर वाजू द्या.

एवढ्यावर थांबू नका. पाचातल्या एका बॅटरीचा सेल बसला असेल तर करंट कधीच ०.५ खाली येत नाही. तो एक-दीड अँपिअरवर अडकतो आणि वरची अट पूर्णच होत नाही. म्हणून दोन अटी आणखी हव्यात: एकूण १० तास झाले की बंद, आणि मधल्या बॅटरीला चिकटवलेल्या सेन्सरने ५० अंश दाखवले की बंद. १० तासांच्या अटीने दोनदा लागोपाठ बंद झालं तर पाचही बॅटऱ्यांचे व्होल्ट वेगवेगळे मोजा. जी एक-दीड व्होल्ट मागे आहे ती काढा.

तपासणीसाठी ०.५ ची मर्यादा तात्पुरती ३ अँपिअर करा. करंट ४ वरून ३ खाली उतरला की दहा मिनिटांत बंद व्हायला हवं. एसीची जोडणी वायरमनकडून करून घ्या. पेटी न पेटणाऱ्या प्लॅस्टिकची, आणि चार्जिंगच्या बोर्डाला अर्थिंग व ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती होताच लाइन तोडणारा स्विच) असावा. फुगलेल्या दोन बॅटऱ्या बदलल्याशिवाय हे सर्किट लावू नका.

प्रश्न (यावल तालुका) : गाडी मळ्यात चार्ज होते. शेतीच्या लाइनीवर पाळीची आठ तास लाइट, त्यातही ती येते-जाते. संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की डीपीवर लोड येतो आणि १६० व्होल्टच मिळतात. अशा ठिकाणी आपोआप बंद होणारं सर्किट घोटाळा करणार नाही का?

उत्तर : साधं सर्किट नक्की करेल. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच कट-ऑफमध्ये लाइट गेली की रिले सुटतो आणि परत आल्यावर बटन दाबावं लागतं. तुम्हाला सकाळी अर्धी बॅटरी मिळेल.

उपाय प्रोग्रॅममध्ये आहे. बटन दाबल्यावर नॅनोच्या ईईप्रॉममध्ये (लाइट गेली तरी न पुसणारी मेमरी) 'चार्जिंग बाकी' अशी नोंद करा, भरल्यावर 'पूर्ण' अशी. लाइट आली की नॅनोने आधी नोंद वाचायची. बाकी असेल तर ३ मिनिटं थांबून रिले ओढायचा, पूर्ण असेल तर काही करायचं नाही. तीन मिनिटं यासाठी की लाइट आल्या आल्या व्होल्टेज खालीवर होतो. झालेला वेळही दर १५ मिनिटांनी लिहून ठेवा, म्हणजे १० तासांची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होणार नाही. ईईप्रॉमची एक जागा सुमारे १ लाख वेळा लिहिता येते. एका चार्जिंगला ४० नोंदी धरल्या तरी अडीच हजार चार्जिंग होतात.

१६० व्होल्टवर खरा धोका वेगळा आहे. चार्जर अडखळतो, करंट शून्याजवळ येतो आणि फक्त करंट पाहणारं सर्किट 'भरली' असं समजतं. वर ६८ व्होल्टची अट ठेवली ती याचसाठी. अर्धवट भरलेली बॅटरी चार्जर थांबल्यावर ६८ व्होल्ट धरून ठेवू शकत नाही. चार्जरच्या लेबलावर किमान किती व्होल्ट लिहिलेत तेही पाहा. त्याखाली तासन्‌तास चालवू नका.

हिशेब मात्र मांडून ठेवा: २८ एएच रिकामी बॅटरी ४ अँपिअरने ७ तास, आणि शेवटचा हळू टप्पा दोन-तीन तास. आठ तासांच्या पाळीत ती पूर्ण भरणार नाही. गाडी अर्ध्यावर आली की लावा, आणि आठवड्यातून एकदा तरी घरच्या लाइटवर पूर्ण भरू द्या.

प्रश्न (शहादा) : जुन्या बॅटऱ्या काढून ६० व्होल्टचं लिथियम पॅक बसवलं. गॅरेजवाला म्हणतो, जुनाच चार्जर चालेल, वर कट-ऑफ लावा.

उत्तर : चालणार नाही. १६ सेलच्या एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) पॅकला ६७.२ व्होल्टच्या वर न्यायचं नसतं. जुना चार्जर ७३.५ देतो. करंट पाहणारं सर्किट इथे वाचवत नाही, कारण मर्यादा ओलांडताना करंट पूर्ण असतो. मधे फक्त बीएमएस (पॅकमधलं संरक्षण सर्किट) उरतं, आणि ते शेवटच्या क्षणी तोडण्यासाठी असतं, रोज चार्जिंग थांबवण्यासाठी नव्हे. २० सेलच्या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅकला ७३ व्होल्ट लागतात. आकडा जवळचा वाटला तरी ॲसिडचा चार्जर त्यालाही लावू नका. पॅकच्या लेबलावरचा व्होल्टेज आणि चार्जरच्या लेबलावरचा व्होल्टेज दशांशापर्यंत जुळला पाहिजे.

योग्य चार्जर घेतल्यावर कट-ऑफ जरूर लावा. २४ एएचला मर्यादा १.२ अँपिअर ठेवा, व्होल्टेजची अट पॅकच्या आकड्यापेक्षा एक व्होल्ट खाली, तापमानाची अट ४५ अंश. दुपारच्या उन्हातून आलेली गाडी लगेच लावू नका. लिथियमला ९० टक्क्यांवर थांबवलं तर नुकसान नाही, उलट आयुष्य वाढतं. ॲसिडच्या बॅटरीला हे लागू नाही.

प्रश्न (भुसावळ) : एवढी खटपट न करता टायमरचं सॉकेट लावलं तर?

उत्तर : काहीच नसण्यापेक्षा चांगलं. १६ अँपिअरचं घ्या. रोज किती बॅटरी संपते ते वेगवेगळं असल्यामुळे एक दिवस कमी भरेल, एक दिवस जास्त वेळ चालेल. २४ तासांच्या फिरत्या चकतीचं टायमर लाइट गेल्यावर थांबतं आणि तेवढं मागे पडतं, हेही लक्षात ठेवा. वरचं सर्किट केलं तरी बोर्डावर ११ तासांचं टायमर ओळीत ठेवावं, असं आम्ही सांगू: रिले चिकटलाच तर ते बंद करेल. आणि महिन्यातून एकदा चार्जरची गाडीकडची पिन काढून पाहा. एखादी पिन तपकिरी झाली असेल किंवा भोवतीचं प्लॅस्टिक मऊ पडलं असेल, तर जोडणी सैल आहे. ती बदलेपर्यंत रात्री चार्जिंग लावू नका.