वाचकांचे प्रश्न : एसटीपीचा वास, सेप्टिक टँकचा गाळ

प्रश्न : आमच्या सोसायटीत ९६ सदनिका असून रोज ५० हजार लिटर क्षमतेचा जुना, एक्स्टेंडेड एरेशन पद्धतीचा (टाकीत जास्त वेळ हवा देणारा) एसटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया प्लँट आहे. विजेचं बिल कमी व्हावं म्हणून कमिटीने रात्री १० ते सकाळी ६ ब्लोअर (टाकीत हवा सोडणारा पंखा) बंद ठेवायचं ठरवलं. तेव्हापासून सकाळी तळघरात सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि फ्लशचं पाणीही पिवळट, वासाचं येतं. ऑपरेटर म्हणतो, कल्चर पावडर (जिवाणूंची भुकटी) टाका. टाकावी का?
– सेक्रेटरी, मानपाडा, ठाणे

पावडर राहू द्या, आधी ब्लोअर चालू करा. वासाचं मूळ तुम्हीच प्रश्नात लिहिलंय.

एरेशन टँकमधले जिवाणू पाण्यातला विरघळलेला प्राणवायू वापरून मैला खातात. हवा थांबली की उरलेला प्राणवायू बघता बघता संपतो, गाळ तळाशी बसतो आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू जोर धरतात. हायड्रोजन सल्फाइड तेच तयार करतात. सकाळी ब्लोअर सुरू झाला की रात्रभर साठलेला हा वायू एकदम वर येतो, म्हणून वास नेमका सकाळी. विरघळलेला प्राणवायू लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास टिकला पाहिजे. बिल वाचवायचं तर ब्लोअरला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) बसवून रात्री वेग कमी करा, पण आठ तास बंद नको. सांडपाणी आधी जिथे साठतं त्या इक्वलायझेशन टँकलाही थोडी हवा लागते. तिथला व्हॉल्व्ह बंद करून ठेवलेला अनेक ठिकाणी आढळतो, तोही तपासा.

ब्लोअर चालू असताना टँकचा पृष्ठभाग नीट पाहा. सगळीकडे बारीक बुडबुडे हवेत. एकाच जागी पाणी उकळल्यासारखं उसळत असेल तर तिथल्या डिफ्युझरचं (हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या तळाच्या नळीचं) रबर फाटलंय. एखादा कोपरा शांत असेल तर तिथला डिफ्युझर चोंदलाय.

आता गाळ. ऑपरेटरकडून आठवड्यातून दोनदा ही चाचणी करून घ्या आणि आकडा रजिस्टरमध्ये लिहायला लावा. ब्लोअर चालू असताना एरेशन टँकमधलं एक लिटर पाणी काचेच्या मोजनळीत घ्यायचं, ३० मिनिटं हलवायचं नाही, आणि गाळ किती मिलिलिटरच्या खुणेवर बसला ते वाचायचं. २५० ते ४०० असेल तर ठीक. ६०० च्या वर गेला तर दोन शक्यता : गाळ फार साठलाय, किंवा तंतूसारखे जिवाणू वाढल्याने तो फुगलाय, बसतच नाही. ओळखायला अर्धं नमुना-पाणी आणि अर्धं प्रक्रिया झालेलं, क्लोरीन न टाकलेलं पाणी मिसळून पुन्हा चाचणी करा. आता आकडा निम्म्याहूनही बराच खाली आला तर गाळ जास्त आहे, तो बाहेर काढा. निम्म्यापर्यंतही धड उतरला नाही तर गाळ फुगलाय, आणि त्याचं नेहमीचं कारण हवा कमी पडणं. (शेजारच्या सोसायटीचा प्लँट एमबीबीआर असेल तर हे आकडे त्यांना देऊ नका. तिथे जिवाणू प्लॅस्टिकच्या मीडियावर चिकटलेले असतात, नळीत थोडाच गाळ दिसतो.)

जास्तीचा गाळ फिल्टर प्रेसमधून, म्हणजे गाळ दाबून पाणी पिळणाऱ्या यंत्रातून काढायचा असतो. बहुतेक सोसायट्यांमधला फिल्टर प्रेस धूळ खात पडलेला असतो, कारण ते काम घाण आणि वेळखाऊ. मग गाळ सेटलिंग टँकमधून वाहून पुढच्या फिल्टरमध्ये शिरतो आणि फ्लशचं पाणी पिवळं होतं. एएमसीचं (वार्षिक देखभाल कंत्राटाचं) बिल पास करण्याआधी महिन्यात प्रेस किती वेळा चालला, एवढं विचारा.

फ्लशच्या वासाचं आणखी एक कारण बघा : क्लोरीन कुठे सोडलं जातं? कार्बन फिल्टरच्या आधी सोडलं तर कार्बनच ते खाऊन टाकतो आणि गच्चीवरच्या टाकीत काही उरत नाही. डोसिंग कार्बन फिल्टरच्या नंतर हवं. रोज ४० हजार लिटर पाणी फ्लशला जात असेल आणि लिटरला ५ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचं ठरवलं तर २०० ग्रॅम लागेल, म्हणजे १० टक्क्यांचं हायपो (सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण) साधारण २ लिटर. हायपो उन्हात पटकन उतरतं. कॅन सावलीत ठेवा, महिन्यापेक्षा जास्त साठा करू नका, ॲसिडच्या कॅनजवळ तर अजिबात नको, कारण दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. सर्वांत लांबच्या संडासातल्या फ्लशच्या पाण्यात ०.५ ते १ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं की डोस बरोबर.

प्रश्न : गावठाणातल्या आमच्या घराची सेप्टिक टँक १५ वर्षांत एकदाही उपसलेली नाही, तरी भरून वाहिलेली नाही. मग उगाच पैसे का घालवायचे?
– एक वाचक, घणसोली

सेप्टिक टँक कायम भरलेलीच असते. जेवढं पाणी आत येतं तेवढंच दुसऱ्या तोंडाने बाहेर जातं, त्यामुळे 'भरून वाहिली नाही' यावरून काही कळत नाही. बघायचा असतो तो तळाचा गाळ. लांब बांबूला खालून मीटरभर पांढरा टॉवेल घट्ट गुंडाळा, आउटलेटच्या बाजूच्या झाकणातून तळापर्यंत उभा सोडा, दोन-तीन मिनिटं धरा आणि हळू वर काढा. हे करताना तोंड झाकणावर नेऊ नका. टॉवेलवर काळा चिकट पट्टा जिथपर्यंत दिसेल तेवढा गाळ. पाण्याच्या एकूण खोलीच्या तिसऱ्या हिश्शाइतका तो झाला की गाडी बोलवा. साधारण दोन-तीन वर्षांत ही वेळ येते. १५ वर्षांत तुमचा गाळ बाहेरच जात असणार, शोषखड्ड्यात नाहीतर गटारात. शोषखड्ड्याच्या मातीची छिद्रं गाळाने बुजली की पुन्हा मोकळी होत नाहीत, नवा खड्डा खणावा लागतो.

उपसायचं काम पावसाळ्याआधी उरका. भर पावसात जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, रिकामी टाकी खालून उचलली जाऊ शकते, फायबरची तर जास्तच. थोडा गाळ तळाशी राहू द्या, नव्या मैल्याला तोच विरजण. सक्शन गाडीवाल्याला मैला कुठे रिकामा करणार ते विचारा आणि पावती घ्या. घणसोलीलाच महापालिकेचं मलप्रक्रिया केंद्र आहे, खाडीत ओतायचं काही कारण नाही. गल्लीत मलनिःसारण वाहिनी आली असेल तर सरळ जोडणी घ्या. सेप्टिक टँकमधून निघणारं पाणी स्वच्छ नसतं : त्यातली सेंद्रिय घाण ३० ते ५० टक्केच कमी झालेली असते, रोगजंतू शाबूत असतात.

प्रश्न : आमच्या चाळीचा माणूस तोंडाला ओला रुमाल बांधून, आधी काडी पेटवून बघून टाकीत उतरतो. दहा मिनिटांचं काम असतं. चालेल ना?
– कळवा

नाही. ओला रुमाल वायू अडवत नाही. पेटती काडी मिथेनचा भडका उडवू शकते, आणि ती विझली नाही म्हणजे विषारी वायू नाही असंही नाही. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने खाली साठतो. हवेत १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकच बधिर होतं, म्हणजे 'आता वास येत नाही' तेव्हाच धोका सर्वांत मोठा. गाळ ढवळला की हा वायू आणखी सुटतो. आधी झाकण उघडं ठेवून भागत नाही ते यामुळेच.

हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने माणसाला असं उतरवणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मृत्यू झाल्यास ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला आहे. काम सक्शन गाडीनेच करा. नळी पोचत नसेल तर जास्त लांबीची नळी असलेली गाडी मागवा. त्यासाठी १४४२० ही हेल्पलाइन आहे. कुणी आत बेशुद्ध पडलाच तर मागोमाग उतरू नका, वाचवायला गेलेलेही अशा टाक्यांमध्ये जीव गमावतात. १०१ ला फोन करा.

प्रश्न : टाकीत गूळ आणि यीस्ट टाकल्याने मैला लवकर कुजतो का?
– एक वाचक, ऐरोली

नाही. लागणारे जिवाणू मैल्याबरोबरच येतात. त्यांना मारणाऱ्या गोष्टी तेवढ्या टाळा : बाटलीभर ॲसिड, बादलीभर फिनाइल. वेट वाइप्स, सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून कचऱ्यात द्या. 'फ्लशेबल' छापलेले वाइप्ससुद्धा कुजत नाहीत, चेंबरच्या वळणावर तेलाच्या थरात गुंततात आणि तिथेच चोकअप होतो. वापरलेलं तळणाचं तेल सिंकमध्ये न ओतता बाटलीत साठवा.