रविवार सोडून बाकीच्या दिवसांचं चर्च

प्रिय बाळा,

जय ख्रिस्त. तुझा मेसेज वाचला. तीन रविवार एपिस्कोपल चर्चला, म्हणजे अमेरिकेतल्या अँग्लिकन चर्चला गेलास, सगळे हसून बोलले, कॉफी दिली, आणि पार्किंगमध्ये येईपर्यंत परत एकटं वाटायला लागलं. मला माहितीये ते, पुण्याच्या पंचहौद चर्चमधून अमेरिकेत आले तेव्हा माझं दीड वर्ष तसंच गेलं. कारण मी फक्त रविवारी जायचे, पाहुण्यासारखी.

उपासना तुला परकी वाटणार नाही. प्रार्थनापुस्तक १९७९ चं आहे, पण शास्त्रपाठ, उपदेश, शांती, प्रभुभोजन हा क्रम आपलाच. आणि १९७० ला आपले अँग्लिकन लोक सीएनआयमध्ये, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये आले, त्या सीएनआयशी या चर्चचा पूर्ण सहभाग आहे, म्हणजे तुझा बाप्तिस्मा, कन्फर्मेशन सगळं चालतं, फक्त घरच्या पाळकसाहेबांकडून पत्र मागवून घे.

पण खरं सांगू, तू शनिवारी जा. शनिवारी सकाळी ऑल्टर गिल्डची चारपाच माणसं, बहुतेक आजीच असतात, वेदीमागच्या सॅक्रिस्टी नावाच्या खोलीत दुसऱ्या दिवसाची तयारी करतात. वेदीवरचं कापड चर्चच्या वर्षातल्या त्या हंगामाच्या रंगाचं आहे ना ते बघतात, मेणबत्त्या, फुलं, भाकरी मोजून ठेवणं, आणि प्याला पुसायचे पांढरे रुमाल. ते रुमाल आधी पाण्यात खळबळतात आणि ते पहिलं पाणी साध्या नाल्यात सोडत नाहीत. बऱ्याच चर्चमध्ये त्यासाठी वेगळं सिंक असतं, त्याचा पाइप सरळ जमिनीत जातो, नसेल तर पाणी बाहेर मातीत ओततात, कारण त्यात प्रभुभोजनाच्या द्राक्षारसाचा, म्हणजे प्रभूच्या रक्ताचा थेंब असू शकतो. मग इस्त्री आणि तिहेरी घडी. मी तिथे उभी राहून पहिल्यांदा घडी घातली आणि एका आजींनी काही न बोलता ती उलगडून परत घालून दाखवली, त्या दिवशी मला वाटलं की आता मी इथली. कॉफी अवरच्या दोनशे हॅलोंनी ते झालं नव्हतं.

शनिवार जमत नसेल तर गरजूंना अन्न वाटणारी फूड पँट्री बघ, डबे लावायला हात कमीच पडतात. गाता येत असेल तर क्वायरची प्रॅक्टिस, ती बहुधा बुधवारी किंवा गुरुवारी रात्री असते. बेसमेंटमध्ये एएची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांची, नाव गुप्त ठेवून होणारी मीटिंग असेल तर मात्र तिथले चेहरे लक्षात ठेवू नकोस, दार हळू लावून निघून ये.

एक फरक समजून घे. आपल्याकडे बिशप पाळकांची बदली करतात, इथे व्हेस्ट्री म्हणजे मंडळीने निवडलेली कमिटी रेक्टर, म्हणजे पाळक, शोधते आणि बोलावते. म्हणून वार्षिक सभेला जा, हात वर कर, मत दे. छप्पर गळतंय, बॉयलर बदलायचाय, हीसुद्धा मंडळीचीच कामं आहेत, आणि वर्षाच्या शेवटाकडे प्लेज कार्ड, म्हणजे चर्चला किती वर्गणी देणार ते लिहायचं कार्ड, येईल तेव्हा जमेल तेवढाच आकडा लिही पण कोरं ठेवू नकोस.

आणि हो, यांच्या कॅलेंडरात एप्रिलमध्ये पंडिता रमाबाईंचा दिवस असतो. १८८३ ला त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये वाँटेज गावच्या सिस्टर्सकडे, म्हणजे अँग्लिकन नन्सकडे झाला, त्याच सिस्टर्स आपल्या पंचहौदात काम करायच्या. तुझ्या चर्चला आठवड्यात मधल्या एखाद्या वारी दुपारची उपासना असेल तर रेक्टरना आत्ताच विचारून ठेव की त्या आठवड्यात शास्त्रपाठ मी वाचू का. मराठीत वाचायची परवानगी मिळाली तर मला कळव, मी सुट्टी टाकून येते.

तुझी,
मावशी