वाचकांचे प्रश्न : पंचवीस डॉलर आणि एक गिरकी

या सदराकडे गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच व्यक्तीविषयी आहेत. तिसऱ्या पानावरच्या छोट्या टिपणात आम्ही लिंडा कार्टर यांचा उल्लेख केला होता. १९७५ ते १९७९ या काळात अमेरिकी दूरचित्रवाणीवर ‘वंडर वुमन’ ही चित्रकथेतील अतिमानवी शक्ती असलेली नायिका साकारणाऱ्या या अभिनेत्री आज पंचाहत्तरीच्या घरात असून त्या भूमिकेविषयी अजूनही मोकळेपणाने बोलतात, एवढेच त्या टिपणात होते. त्यावरून वाचकांनी पाठविलेल्या प्रश्नांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : ही भूमिका मिळाली तेव्हा लिंडा कार्टर या नावाजलेल्या अभिनेत्री होत्या का? सुरुवातीलाच अशी भूमिका स्वीकारणे धोक्याचे नव्हते का? (सांगली येथील वाचक)

नावाजलेल्या मुळीच नव्हत्या. २४ जुलै १९५१ रोजी ॲरिझोना राज्यातील फीनिक्स शहरात जन्मलेल्या कार्टर शाळकरी वयापासून गात होत्या आणि काही काळ वाद्यवृंदासोबत गावोगाव फिरल्याही होत्या. १९७२ मध्ये त्यांनी अमेरिकेतील ‘मिस वर्ल्ड यूएसए’ हा किताब मिळविला आणि त्याच वर्षी लंडनच्या जागतिक सौंदर्यस्पर्धेत उपान्त्य फेरीपर्यंत मजल मारली. त्यानंतर लॉस एंजेलिसला येऊन त्या अभिनय शिकल्या आणि चाचण्या देत राहिल्या, पण मालिकांमधील एखाददुसऱ्या लहान भूमिकेपलीकडे काही हाती लागेना. त्या काळाविषयी बोलताना त्या एक तपशील कधी गाळत नाहीत : ही भूमिका मिळाल्याचा फोन आला तेव्हा बँकेच्या खात्यात जेमतेम पंचवीस डॉलर उरले होते आणि सामान बांधून घरी परत जाण्याचा विचार मनात घोळत होता.

त्यामुळे आपण ज्याला धोका म्हणता, तो तोलून पाहण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती. धोका पत्करला तो वाहिनीने. १९७४ मध्ये याच व्यक्तिरेखेवर कॅथी ली क्रॉस्बी यांना घेऊन एक दूरचित्रपट काढण्यात आला होता, पण मूळ चित्रकथेपासून तो इतका दूर गेला होता की त्याची मालिका झाली नाही. दुसऱ्या खेपेला निर्माते डग्लस क्रेमर आणि लेखक स्टॅन्ली राल्फ रॉस यांनी उलटी वाट धरली. त्यांनी १९४० च्या दशकातील चित्रकथेचा काळ, पोशाख आणि मिश्कीलपणा तसाच ठेवला आणि मुख्य भूमिकेसाठी कोणाला ठाऊक नसलेली चोवीस वर्षांची मुलगी निवडली. ७ नोव्हेंबर १९७५ रोजी एबीसी वाहिनीवर पहिला दीर्घ भाग दाखविण्यात आला. तो चालला, तरीही वाहिनीने लगेच पूर्ण मालिकेची मागणी नोंदविली नाही. १९७६ च्या वसंतात दोन भाग दाखवून पुन्हा अंदाज घेतला आणि मगच बाकीच्या भागांना होकार दिला. स्त्री नायिका असलेली साहसमालिका लोक दर आठवड्याला पाहतील का, ही शंका तेव्हा खरोखरच घेतली जात असे. ‘द बायॉनिक वुमन’ आणि ‘चार्लीज एंजल्स’ या मालिकाही १९७६ मध्येच आल्या हे ध्यानात घेतले, म्हणजे त्या वर्षी ही शंका किती झपाट्याने निकालात निघाली ते कळते.

प्रश्न : वंडर वुमन गोल फिरते आणि तिचा पोशाख बदलतो, ही कल्पना चित्रकथेतली की दिग्दर्शकाची? आणि इतक्या वर्षांनंतर त्या अभिनेत्रीला स्वतःच्या कामाविषयी नेमके काय वाटते? (पुण्यातील एका नाट्यसंस्थेत काम करणाऱ्या वाचक)

आपल्या पत्रातील हे दोन प्रश्न आम्ही मुद्दाम एकत्र ठेवले आहेत, कारण पहिल्याच्या उत्तरात दुसऱ्याचे उत्तर बरेचसे येते.

वंडर वुमन एरवी ज्या रूपात वावरते ती साधी नोकरदार डायना प्रिन्स पडद्यावर वंडर वुमन कशी होणार, हा चित्रीकरणातील अडचणीचा प्रश्न होता. सुपरमॅनसारखे तिला टेलिफोनच्या खोक्यात पाठविता येत नव्हते. आपण नृत्य शिकलो आहोत, तेव्हा एक गिरकी घेऊन पाहू या, असे कार्टर यांनी सुचविले आणि ते सर्वांना पटले. पहिल्या पर्वात ही गिरकी संथ आहे. कॅमेरा जागेवर पक्का बसवून त्यांनी आधी एका पोशाखात, मग दुसऱ्या पोशाखात त्याच ठिकाणी फिरायचे आणि ही दोन चित्रे एकमेकांत विरघळवायची, अशी ती रीत होती. त्यात वेळ फार जाई. म्हणून पुढे मध्ये प्रकाशाचा लखलखाट आणि गडगडाट घालण्यात आला, ज्यामुळे दोन तुकडे जोडणे सोपे झाले. आज जगभरची मुले जी गिरकी घेतात ती या लखलखाटाची आहे, परंतु आमच्या मते सुंदर आहे ती पहिलीच.

आता दुसरा प्रश्न. मुलाखतींमधून कार्टर सतत सांगत आल्या आहेत की त्यांनी अतिमानवी स्त्री साकारण्याचा प्रयत्नच केला नाही. शक्ती हा तिच्या दृष्टीने विशेष काही नसलेला, अंगवळणी पडलेला भाग आहे असे धरून त्यांनी डायनाचा साधेपणा, कुतूहल आणि माणसांविषयीची माया यांवर भर दिला. ती पुरुषांच्या विरोधात नाही, स्त्रियांच्या बाजूने आहे, हे त्यांचे आवडते सूत्र आहे. त्यांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येणारी आणखी एक गोष्ट आम्हांला अभिनयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची वाटते : पाहणाऱ्या स्त्रीला आपला हेवा वाटू नये, तर ‘मला हिच्यासारखे व्हायचे आहे’ किंवा ‘ही माझी जिवाभावाची मैत्रीण असती तर’ असे वाटावे, हे त्यांनी मनाशी ठरविले होते. पोशाख असा की कोणीही त्या भूमिकेत आरशासमोर उभे असल्यासारखे वावरले असते. कार्टर यांचे भाग आज पाहिले तर त्या स्वतःच्या दिसण्याविषयी जवळजवळ बेफिकीर दिसतात. थट्टेचा प्रसंगही त्या गंभीरपणे करतात, त्यामुळे हसू येते ते प्रसंगाचे, तिचे नव्हे. आपण रंगभूमीवर काम करता, तेव्हा हे किती अवघड आहे ते आपणांस आम्ही सांगण्याची गरज नाही.

प्रश्न : पोशाखावरून टीका होते ती कार्टर यांना मान्य आहे का? संयुक्त राष्ट्रांनी वंडर वुमनला दिलेला मान काढून घेतला असे वाचले होते, ते खरे आहे का? (नागपूर येथील निवृत्त शिक्षिका)

घटना खरी आहे, तिचे वर्णन मात्र थोडे सावधपणे करावे लागेल. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्त्रिया आणि मुलींच्या सक्षमीकरणासाठी वंडर वुमन या काल्पनिक व्यक्तिरेखेला मानद राजदूत म्हणून घोषित केले. समारंभास लिंडा कार्टर आणि नव्या चित्रपटातील गॅल गॅडोट या दोघी उपस्थित होत्या. त्याच वेळी संस्थेतील काही कर्मचाऱ्यांनी पाठ फिरवून मूक निषेध केला आणि त्यानंतर ४०,००० हून अधिक लोकांनी विरोधाच्या निवेदनावर सह्या केल्या. डिसेंबरच्या मध्यास, म्हणजे दोन महिन्यांच्या आत, ही मोहीम संपली.

कार्टर या टीकेने चिडल्या आणि त्यांनी ते लपविले नाही. एवढी मोठी प्रतीकात्मक व्यक्तिरेखा समोर असताना तिच्यात केवळ देहच दिसणे हीच सर्वांत स्त्रीद्वेष्टी गोष्ट आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सुपरमॅनचे कपडेही अंगाला घट्ट चिकटलेले असतात, त्याविषयी कोणी तक्रार का करीत नाही, असेही त्यांनी विचारले. युक्तिवाद म्हणून तो बिनतोड आहे. तरीही निषेध करणाऱ्यांची बाजू आम्हांला पूर्णपणे चुकीची वाटत नाही. त्याच महिन्यात महासचिवपदासाठी अनेक स्त्री उमेदवार रिंगणात असताना अखेर पुरुषाची निवड झाली होती. अशा वेळी खुर्ची जिवंत स्त्रीला नाही आणि मान मात्र कागदावरच्या स्त्रीला, हे त्या कर्मचाऱ्यांना झोंबले असेल तर नवल नाही. तो राग कार्टर यांच्यावर नव्हता, पण समोर दिसत होत्या त्याच.

याच संदर्भात एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण कार्टर यांच्या आठवणी केवळ गोड आहेत असा समज काही पत्रांतून दिसतो. आपले छायाचित्र पुरुषांच्या स्वच्छतागृहांच्या भिंतींवर लागेल असे कधी वाटले नव्हते आणि ते पाहून पुरुष काय विचार करतात ते आपल्याला ठाऊक आहे, कारण ते तसे लिहून कळवितात, असे त्यांनी ऐन प्रसिद्धीच्या काळातच कडवटपणे म्हटले होते. पुढे २०१८ मध्ये त्यांनी सांगितले की मालिकेच्या काळात एका कॅमेरामनने त्यांच्या कपडे बदलण्याच्या खोलीच्या भिंतीला भोक पाडले होते. तो पकडला गेला, त्याला काढून टाकण्यात आले आणि त्या व्यवसायात त्याला पुन्हा थारा मिळाला नाही. पडद्यावर हातातल्या कड्यांनी गोळ्या परतविणाऱ्या स्त्रीला पडद्यामागे हे सोसावे लागत होते. म्हणूनच त्या पोशाखाची बाजू घेतात तेव्हा त्या भाबडेपणाने बोलत आहेत असे कोणी समजू नये. पोशाख आणि तो पाहणारी नजर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्याइतके महागात कोणाला शिकावे लागले नसेल.

प्रश्न : साहसदृश्ये त्या स्वतः करीत असत का? (कोल्हापूर येथील वाचक)

काही. एकदा हेलिकॉप्टरखालच्या दांड्याला त्या स्वतः लोंबकळल्या आणि निर्मात्यांना ते अजिबात रुचले नाही. मुख्य नायिकेला इजा झाली तर सगळेच बंद पडते. मात्र बहुतेक उड्या आणि आदळआपट त्यांच्या डुप्लिकेट जीनी एपर यांची आहे. पूर्वी हॉलिवूडमध्ये नायिकेचा डुप्लिकेट म्हणून विग घातलेला पुरुषच उभा करण्याची रूढी होती. एपर यांच्यासारख्या स्त्रियांनी ती मोडली. मे २०२४ मध्ये वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा कार्टर यांनी ज्या आपुलकीने त्यांना निरोप दिला त्यावरून दोघींमधला स्नेह अखेरपर्यंत टिकला होता हे दिसले.

प्रश्न : अशी एक भूमिका गाजली की कलाकार त्याच साच्यात अडकतो. माझी मुलगी मालिकांमध्ये काम करते म्हणून विचारतो. कार्टर यांचे तसे झाले नाही का? (ठाणे येथील वाचक)

झाले. ते झाले नाही असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. पहिल्या पर्वानंतर मालिका सीबीएस वाहिनीकडे गेली, महायुद्धाचा काळ सोडून वर्तमानकाळात आली आणि १९७९ मध्ये, पहिला दीर्घ भाग धरून साठ भागांनंतर थांबली. त्यानंतर कार्टर यांनी गाण्यांचे विशेष कार्यक्रम केले, १९८३ मध्ये हॉलिवूडच्या जुन्या काळातील अभिनेत्री रीटा हेवर्थ यांच्या जीवनावरील दूरचित्रपटात मुख्य भूमिका केली आणि १९८४ मध्ये लोनी अँडरसन यांच्यासह एक गुप्तहेर मालिका केली, जी एकाच पर्वात आटोपली. २००५ मध्ये त्या लंडनच्या रंगभूमीवर ‘शिकागो’ या संगीतिकेत उभ्या राहिल्या. काम थांबले नाही, पण यांपैकी कशालाही त्या गिरकीची सर आली नाही.

मात्र या परिस्थितीशी त्यांनी भांडण काढले नाही, आणि हे आपल्या मुलीला सांगण्यासारखे आहे. अनेक कलाकार गाजलेल्या भूमिकेचे नाव काढले की कपाळाला आठ्या घालतात. कार्टर यांनी तिचे पालकत्व स्वीकारले. २००५ च्या ‘स्काय हाय’ या चित्रपटात त्या महानायकांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत आणि हताश होऊन ‘मी काही वंडर वुमन नाही’ असे म्हणतात. स्वतःवरचा हा विनोद त्यांनी खुशीने केला. २०१६ मध्ये ‘सुपरगर्ल’ मालिकेत त्या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षा झाल्या, तर २०२० च्या वंडर वुमन चित्रपटाच्या शेवटी ॲस्टेरिया या योद्धेच्या रूपात क्षणभर दिसल्या. नवी अभिनेत्री आली म्हणून आपले स्थान गेले, असा सूर त्यांच्या बोलण्यात आम्हांला कोठेही आढळला नाही. त्यांना भेटणाऱ्या स्त्रिया बालपणीच्या कठीण दिवसांत या मालिकेने कसा धीर दिला ते सांगताना रडतात, आणि ते ऐकून घेणे हा आपल्या कामाचाच भाग आहे असे त्या मानतात. आता यामागे दुसऱ्या कशाची उणीव लपलेली आहे का, ते त्याच जाणोत.

प्रश्न : आपल्याकडे अशी नायिका झालीच नाही का? (मुंबईतील वाचक)

वंडर वुमन चित्रकथेत अवतरली १९४१ च्या अखेरीस. त्याआधी सहा वर्षे, १९३५ मध्ये, आपल्याच शहरातील वाडिया मूव्हीटोनच्या ‘हंटरवाली’ या चित्रपटात नादिया तोंडावर बुरखा चढवून, हातात चाबूक घेऊन दुष्टांना बडवीत होत्या. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे जन्मलेल्या मेरी एव्हान्स म्हणजेच नादिया. त्यांच्याकडे दैवी शक्ती नव्हती आणि डुप्लिकेटही नव्हता. सर्कशीत काम केलेल्या आणि बॅले शिकलेल्या या बाईंनी होमी वाडिया यांच्या दिग्दर्शनाखाली घोड्यावरून आणि छपरांवरून उड्या मारल्या, त्या स्वतःच्या अंगावर. त्यांच्यावर स्वतंत्रपणे लिहिण्याचा मानस आहे.

प्रश्न : दहा वर्षांच्या नातीला ही मालिका दाखवायची आहे. कोठून सुरुवात करावी? (न्यू जर्सी येथील वाचक)

पहिल्या पर्वापासूनच करावी. नंतरचे भाग अधिक वेगवान असले तरी युद्धकाळातील भागांची मौज त्यांत नाही. पहिला दीर्घ भाग झाल्यावर डेब्रा विंगर धाकट्या बहिणीच्या भूमिकेत येतात तो दोन भागांचा प्रसंग दाखवावा, नातीला ती बहीण जवळची वाटेल. आणि संथ गिरकी आली की तिला हातांकडे पाहायला सांगावे. लखलखाट नसलेल्या त्या सुरुवातीच्या भागांत, फिरणे थांबते तेव्हा डायनाचे नेहमीचे कपडे वंडर वुमनच्या हातात तसेच असतात, आणि जगाला वाचवायला धावण्याआधी तिला ते कोठे तरी ठेवावे लागतात.