निफाडच्या ऊसपट्ट्यात बिबट्यापासून शेळ्या राखायला कुत्रा कसा तयार करावा?

बिबट्यावर कुत्रे सोडणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे कुत्रा हवा तो राखणीचा. कारवान जातीचा शिकारी कुत्रा नको, तो सशामागे धावणारा. मेंढपाळाच्या वाड्यावरच्या राखणदार कुत्रीचं ८ आठवड्यांचं पिल्लू आणा आणि शेळ्यांच्या गोठ्यातच जाळीआड वाढवा. करडांमागे धावलं की तिथल्या तिथे थांबवा. ही खोड मुरली की सुटत नाही. ३ महिन्यांवर रेबीजची लस. दीड-दोन वर्षांचा होईपर्यंत त्याच्या एकट्यावर भिस्त ठेवू नका. रात्री बाहेर साखळीला तर अजिबात बांधू नका! बिबट्या कुत्र्यालाच उचलतो, तोही मानेला धरून, म्हणून खिळ्यांचा रुंद पट्टा घालाच. शेळ्या वरूनही जाळी असलेल्या गोठ्यात कोंडा. कुत्र्याचं काम तुम्हाला जागं करण्याचं. बिबट्या दिसला तर वनविभागाला १९२६ वर कळवा.